तिसरीला पानी नको, वल पायजे

पहिल्या खेपेची तिसऱ्यांची (खाडीतल्या शिंपल्यांची) पिल्लं वडखळच्या अलीकडे कधीतरी मेली असावीत. म्हणजे तिथून दिवाळ्याला घरी पोचेपर्यंत मी मेलेल्या तिसऱ्यांना एरेटर लावून हवा घालत बसले होते.

आमचं घर बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात. लहानपणी सुकती (ओहोटी) लागली की आईच्या मागोमाग खाडीत उतरायचं, पायाच्या अंगठ्याने रेव चाचपायची आणि तिसरी लागली की वाकून उचलायची, हा आमचा सुट्टीतला उद्योग होता. ती रेव आता राहिली नाही. जिथे पोटरीपर्यंत पाय जायचा तिथे आज मांडीपर्यंत चिखलात रुततो, आणि तिसरीला असला पातळ चिखल चालत नाही. मी वाशीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. मामाचं खाजणात एक जुनं कोळंबीचं तळं पडून होतं, उधाणाच्या भरतीला त्यात खाडीचं पाणी येतं. त्यात क्रेट मांडायचे, क्रेटमध्ये रेव भरायची, बाहेरून पिल्लं आणून सोडायची आणि वाढतात का बघायचं, एवढाच बेत होता. विकायचा विचार नव्हता. तिसरी पाणी गाळून खाते, त्यामुळे पाण्यात जे काही असेल ते तिच्या अंगात साठत जातं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांची काय रांग आहे ते आम्हाला कुणी सांगायला नको. खाण्याचा प्रश्न पाणी आणि मांस तपासून घेतल्यावर.

पिल्लं रत्नागिरीहून आणायची ठरली. तिथे भाट्याच्या खाडीत मुळे काढणाऱ्या एक मावशी ओळखीच्या झाल्या होत्या. आपल्याकडच्या तिसऱ्यांना तिकडे मुळे म्हणतात. मावशी पिल्लं द्यायला आधी तयारच नव्हत्या. "बारकं उचललंस तर पुढल्या वर्षी आम्ही काय काढायचं?" हा त्यांचा सवाल अगदी रास्त होता. शेवटी एक जागा त्यांनीच दाखवली. तोंडाकडचा उंचवटा, जिथे पिल्लं बसतात खरी, पण वाळू सरकून दर उन्हाळ्यात दबून मरतात. तिथलीच घ्यायची, त्याबाहेर हात लावायचा नाही, या अटीवर काम झालं.

एप्रिलमधली ती पहिली खेप. साधारण करंगळीच्या नखाएवढी चार किलो पिल्लं, निळ्या पिंपात साठेक लिटर खाडीचं पाणी, त्यावर बॅटरीचा एरेटर, आणि टेम्पो. मासळीचं बी पाण्यातून नेतात, तेव्हा तिसरीचंही पाण्यातूनच न्यायचं, इतका सरळ हिशोब मी केला होता. मत्स्यालयाच्या ज्या दुकानातून एरेटर घेतला त्या दुकानदाराने बॅटरी रात्रभर चालेल असं छातीठोकपणे सांगितलं होतं. ती तीन तासांत संपली. माझ्याकडे सुटे सेल होते, ते मी घातले. पण तो दोष काढण्यात अर्थ नाही, एरेटर दहा दिवस चालला असता तरी तेच झालं असतं. हायवेची अवस्था मी वर्णन करत नाही, गणपतीत गावी जाणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ आहे. वडखळला दोन तास जागचे हललो नाही. वर ताडपत्री, ताडपत्रीवर ऊन.

घरी पिंप उघडलं तेव्हा पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं आणि वर फेस होता. वास सांगत नाही. आईने पिंपात डोकावून पाहिलं आणि पदर नाकाला लावून म्हणाली, "अगो, पान्यान कशाला घातलीस? तिसरी काय मासली हाय? तिसरीला पानी नको, वल पायजे." वल म्हणजे ओल.

चाळीस वर्षं आईने बेलापूरच्या बाजारात तिसऱ्या विकल्या आहेत. टोपलीत तिसऱ्या, वर ओलं गोणपाट, आणि अधूनमधून खाडीच्या पाण्याचा शिपका. गोड्या पाण्याचा नाही. हे मी बालपणापासून बघत होते आणि तरी पिंप घेऊन गेले. पदवी घेतली की डोळ्यांसमोरचं दिसेनासं होतं की काय, कोण जाणे.

नंतर कागदावर हिशोब मांडला तेव्हा आईचं म्हणणं आकड्यांत दिसलं. तीस अंश तापमानाच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. एक लिटर हवेत त्याच्या चाळीस पटींहून जास्त असतो. तिसरीचे कल्ले ओले राहिले तर शिंपली किंचित फट ठेवून ती हवेतला थोडाफार ऑक्सिजन घेऊ शकते. पाण्यात मात्र टेम्पोला दणका बसला की ती घट्ट मिटते, आणि मिटली की बाहेर कितीही बुडबुडे सोडा, तिला त्याचा काही उपयोग नाही. मिटलेल्या अवस्थेत ती ऑक्सिजनविना अंगातल्या साठ्यावर दिवस काढते. त्यातून अंगात आम्ल साठतं, ते मारायला ती स्वतःच्या शिंपलीतला चुना विरघळवते. मोठ्या तिसरीची शिंपली जाड आणि साठाही बरा, म्हणून ती बाजारात दोन दिवस तग धरते. करंगळीच्या नखाएवढ्या पिल्लाकडे ना चुना, ना साठा. त्यात तापमान दहा अंशांनी वाढलं की अंगातला खर्च साधारण दुप्पट होतो. मधेच दमून जी उघडली त्यांची विष्ठा आणि अमोनिया त्याच साठ लिटरांत. एक मेली की तिच्या कुजण्याने शेजारच्या दहा जातात.

दुसरी खेप मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत. आईचं अर्धंच ऐकलं. पाणी सोडलं, गोणपाट घेतलं, थर्माकोलचा मासळीचा डबा घेतला. पण उकाड्याची इतकी धास्ती घेतली होती की डब्यात बर्फ कोंबला. खाली बर्फाच्या पिशव्या, मधे गोणपाटात गुंडाळलेली पिल्लं, वर पुन्हा बर्फ.

आता हे मला कळायला हवं होतं. आपल्या घरोघरी तिसऱ्या उघडायच्या कशा? रात्रभर फ्रीजरमध्ये टाकायच्या. सकाळी त्या आपसूक सैल होतात, मग विळीवर एक शिंपली काढून टाकायची, मांस दुसरीत ठेवायचं आणि वाटणात सोडायच्या. सैल होतात म्हणजे काय, तर मिटवून धरणारा स्नायू निकामी होतो. मी तीनशे किलोमीटरच्या आतबाहेरचा प्रवास त्यांना जवळपास त्याच फ्रीजरमधून घडवला.

गंमत म्हणजे डबा उघडला तेव्हा सगळं झकास दिसत होतं. एकाही पिल्लाने तोंड वासलेलं नव्हतं. वास खाडीचा, ताजा. मी फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'शंभर टक्के जिवंत'. मावशींनाही फोन केला. आणि आनंदाच्या भरात सगळी पिल्लं थेट तळ्यातल्या क्रेटमध्ये ओतली.

दुसऱ्या दिवशी थोडी उघडी दिसली. तिसऱ्या दिवशी सकाळी क्रेटवर पांढरा सडा पडला होता, अर्ध्याहून जास्त तोंड वासून. पाचव्या दिवसापर्यंत मूठभर उरली. ग्रुपवरचा फोटो मी काढून टाकला नाही, लाज वाटली तरी ठेवला.

त्यानंतर पावसाळाभर मी डोकं लावत बसले. बर्फाच्या लगत डब्यात किती अंश असतात ते मोजायला वायर बाहेर ठेवता येणारा साधा थर्मामीटर आणला, रिकाम्या डब्यात तसाच बर्फ भरून पाहिला. गोणपाटाच्या आत ९ अंश. तळ्याचं पाणी त्या दिवशी ३१ होतं. म्हणजे बावीस अंशांची उडी, एका झटक्यात. बर्फाच्या दोन पिशव्या फुटून तळाला गोडं पाणी साचलं होतं ते वेगळंच, खालचा थर रात्रभर त्यात बुडालेला. आणि गोणपाट कोरं करकरीत होतं, दुकानातून आणून नुसतं भिजवलेलं. तागाच्या कोऱ्या पोत्याला एक तेलकट वास येतो, कारण ताग कातताना त्याला तेल लावतात. ते तेल पिल्लांना किती नडलं हे सांगता येणार नाही, कारण एका वेळी मी इतक्या चुका केल्या होत्या की कुठली कुणाच्या माथी मारायची तेच कळेना. सगळ्यात मोठी चूक मात्र मोजणीची. कुठली पिल्लं वरच्या थरातली, कुठली तळातली, याची खूण मी ठेवलीच नव्हती. ओतली ती ओतली.

एवढं मात्र त्या खेपेने पक्कं शिकवलं की डबा उघडताना मिटलेली तिसरी ही जिवंत तिसरी असेलच असं नाही. मरण घेऊन आलेली पिल्लंही दोन दिवस तोंड मिटून असतात. खरी मोजणी तिसऱ्या दिवसानंतरची.

तिसरी खेप डिसेंबरात. या वेळी टेम्पो नाही, रात्रीची तुतारी एक्स्प्रेस. मी दोन दिवस आधीच भाट्यात जाऊन राहिले. उधाणाचे दिवस धरले होते, कारण भांगात, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी फारसं मागे हटत नाही. पहाटेच्या सुकतीला मावशींबरोबर उतरले. या खेपेला पिल्लं बादलीत टाकली नाहीत. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण कमरेच्या उंचीवरून बादलीत टाकलेल्या पिल्लाची शिंपली काठाला टवकते आणि टवकलेली शिंपली नीट मिटत नाही, त्यातून ओल जाते. आम्ही चाळण पाण्यातच धरली, रेव तिथेच हलक्या हाताने गाळून टाकली आणि पिल्लं ओल्या फडक्यावर पसरली. ऊन वर यायच्या आत काठावर.

मग एक दिवस पिल्लांना उपाशी ठेवलं. मावशींच्या पडवीत दोन पसरट टब मांडले, त्यात कापडातून गाळलेलं खाडीचं पाणी, आणि पिल्लं टबाच्या तळाला न ठेवता जाळीच्या टोपलीत अधांतरी. कारण ती रात्रभर पोटातला गाळ बाहेर टाकतात, आणि तळाला ठेवली तर तोच पुन्हा ओढून घेतात. सकाळी टबाच्या तळाला काळपट धाग्यांचा थर होता. तोच प्रवासात डब्यात सडला असता.

निवडताना मावशींचा हात बघण्यासारखा. मी प्रत्येकीला टिचकी मारून मिटते का बघत होते, तासाभरात माझी वाटीभर झाली. मावशी ओंजळभर पिल्लं घेऊन नुसती खुळखुळवायच्या आणि त्यातून नेमकी दोन-तीन वेचून फेकायच्या. मी विचारलं तर माझ्या कानाशी ओंजळ आणली. जिवंत तिसऱ्या एकमेकींवर आपटतात त्याचा आवाज दगडासारखा भरीव येतो. मेलेलीचा पोकळ, फुटक्या कपासारखा. आणि चिखलाने भरलेली मेलेली तिसरी आवाजच करत नाही, बद्द वाजते. ती सगळ्यात घातक, कारण मिटलेली असते, वजनालाही भरते, आणि डब्यात फुटली की सगळा थर नासवते. त्या दिवशी मला दहातली तीन ओळखता यायला लागली. मावशींची एकही चुकत नव्हती.

भरायची तयारी मी घरून करून नेली होती. आईची दोन जुनी सुती लुगडी फाडून फडकी केली होती, चार वेळा धुतलेली, साबणाशिवाय. लुगड्याला हात लावल्याबद्दल जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत अर्धा किलो पिल्लं, पिशवी चपटी ठेवली की जाडी दोन बोटांहून जास्त नाही. डब्याच्या तळाला भोक, भोकावर भाजीच्या क्रेटची कापलेली जाळी, म्हणजे निथळलेलं पाणी खाली निघून जाईल आणि पिल्लं त्याला टेकणार नाहीत. मग एक ओलं फडकं, एक पिशवी, पुन्हा फडकं. फडकं खाडीच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं, इतकं की हाताला ओलं लागावं पण थेंब पडू नये. बर्फ अजिबात नाही. दोन जेल पॅक, प्रत्येक वर्तमानपत्राच्या आठ घड्यांत, आणि तेही फक्त वरच्या कोपऱ्यांत. झाकणाला चार भोकं. आणि पिशव्यांना लोकरीचे धागे. वरच्या थराला पिवळा, मधल्याला लाल, तळाच्या थराला निळा.

रत्नागिरी स्टेशनवर डबा सीटखाली सरकवला. समोरच्या काकांनी विचारलं, "मासे का?" मी म्हटलं, तिसऱ्या. "किती किलो? देता का थोड्या?" म्हटलं, पिल्लं आहेत, वाढवायला नेतेय. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाढल्या की सांगा." थर्मामीटरची वायर बाहेर काढून ठेवली होती, त्यावर मी रात्रभर टॉर्च मारत होते. चिपळूणला २३, रोह्याच्या आसपास २१. वीस ते तेवीसच्या मधे राहावं एवढीच इच्छा होती. आपल्या उष्ण खाडीतल्या तिसरीला त्याहून फार गार करण्यात काही कमाई नाही, नुसता धोका.

पहाटे पनवेल. तिथून हार्बर लोकलचा लगेज डबा, जिथे डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायकांत माझा डबा कुणाला खुपला नाही. बेलापूरहून रिक्षाने घर. या खेपेला आनंदाच्या भरात काही ओतलं नाही. सावलीत झाकण उघडून तासभर डबा तसाच ठेवला. कॉलेजातून मागून आणलेल्या रिफ्रॅक्टोमीटरने आधीच दोन्हीकडची क्षारता मोजलेली होती, भाट्याची हजारी ३१, आमच्या तळ्याची २५. टबात मीठ घालून २९ चं पाणी केलं, त्यात जाळीच्या टोपल्या निम्म्या बुडतील अशा ठेवल्या. पूर्ण बुडवायच्या नाहीत, कारण हवेत इतके तास काढल्यावर पिल्लं एकदम उघडतात आणि साठवलेलं सगळं बाहेर टाकतात. पहिलं पाणी तासाभरात बदललं. दुपारी २७, संध्याकाळी २५. भाट्याचं फडक्यातलं पाणी खाडीत सोडलं नाही, अंगणातल्या मातीत ओतलं. एका खाडीतलं काय काय दुसरीत जाईल याचा नेम नसतो.

मग माझी परीक्षा. प्रत्येक रंगाची शंभर पिल्लं मोजून परातीत रेतीवर पसरली, वर चार बोटं पाणी, आणि घड्याळ लावलं. धडधाकट पिल्लू पाय काढतं, एक बाजू उचलतं आणि दोन-तीन हिसक्यांत रेतीत शिरतं. ज्याच्यात जीव नाही ते मिटून नुसतं पडून राहतं. बाहेरून दोघं सारखीच दिसतात, रेती त्यांना वेगळं करते. तासाभराने लाल धाग्याची शंभरातली ८८ आत गेली होती. पिवळ्याची ८१. निळ्याची ५७. आई शेजारी कोलंबी सोलत बसली होती. परातीकडे बघून म्हणाली, "निल्याला भार परला." तसंच होतं. तळाच्या थरावर वरच्या सगळ्या पिशव्यांचं वजन, आणि शिंपली उघडायला जागाच नाही.

सातव्या दिवशी मोजलं तेव्हा लाल ९१, पिवळी ८६, निळी ६० अशी शिल्लक होती. रेतीत शिरलेल्यांचा आकडा आणि आठवड्यानंतरचा आकडा इतका जवळ आला की आता मी सात दिवस थांबत नाही, परात लावते आणि तासाभरात मला कळतं.

फेब्रुवारीत क्रेट उपसले तेव्हा एक गोष्ट दिसली जी मी वाचली होती, पण हातात घेतली नव्हती. प्रत्येक पिल्लाच्या शिंपलीवर, मुळापासून काही अंतरावर, एक बारीक गडद रेघ होती. तिसरीची वाढ थबकली की शिंपलीवर अशी खूण उमटते. रेघेच्या आतला भाग भाट्याचा, पिवळसर आणि चकचकीत. बाहेरचा आमच्या तळ्याचा, करडा. आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. "ही गारीची रेघ," तिने ठरवून टाकलं. गाडीच्या प्रवासाची.

मी कॅलिपर घेऊन बसले. लाल धाग्यांच्या पिल्लांत रेघेबाहेर तीन-चार मिलिमीटर नवी शिंपली. निळ्यांतली जी जगली होती त्यांच्यात जेमतेम दीड, आणि रेघही जाड, नख लागेल इतकी खोल. म्हणजे तळाच्या थरातल्या चाळीस मेल्या एवढाच तोटा नव्हता. पुढच्या खेपेला डबा उथळ घेणार आहे, दोनच थरांचा. आईने तिसरं लुगडं काढून ठेवलंय, न मागता.